मापाचा आणला काय?

मी मापाचा ब्लाउज बोलतोय. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. मी टू बाय टूच्या कापडाचा, डाळिंबी रंगाचा, पाठीवर आता पार विटलेला. रंग जिथून उडाला तिथली आठवणही उडाली असावी, असं मला अधूनमधून वाटतं. शिवाय घडी घातलेल्या कपड्याला दिसतं ते किती? बाहेर काय चाललं होतं ते मी पुष्कळदा नुसत्या आवाजावरून ताडलं, आणि ताडलेलंच पुढे आठवण म्हणून धरून बसलो.

माझ्या पहिल्या अंगाबद्दल तर मला कधीच खात्री नव्हती. कोणीतरी मला पहिल्यांदा घातलं तेव्हा नव्या कापडाला खळीचा वास होता. हुक एकामागून एक लागले आणि कुठेच काही ओढलं नाही, ताणलं नाही. खांद्यावर मी असा बसलो की जणू मी तिथेच उगवलो होतो. एवढं आठवतं. पण ते अंग कोणाचं, हे मला सांगता येत नव्हतं. कधी वाटे, ते अंग नव्हतंच. प्रत्येक कपड्याला आपण एकदा तरी कोणाला नीट बसलो होतो असं वाटत असेल, तसं हे माझंही मनचं असेल.

माझा जन्म फुलसावंगीचा. शिवणाऱ्या बाईनं माझ्या डाव्या बाजूला आतून एक लहानसा खिसा लावला होता, किल्ली आणि सुपारीचं खांड मावेल एवढा. पुढे माझ्याइतकाच या खिशाचाही वंश वाढला, ते ओघात येईलच.

फुलसावंगीच्या कोकिळाचं लग्न आर्णीत ठरलं, तेव्हा तिच्या सासरच्यांनी बस्ता बांधला. साड्या घेऊन झाल्या. त्यांवरचे ब्लाउज लग्नाआधी शिवून व्हायला हवेत, म्हणून आर्णीहून निरोप आला: नवरीचा मापाचा ब्लाउज पाठवा. आमच्या भागात ही रीतच आहे. नवरीच्या अंगाला टेप लावायला कोणी येत नाही. तिचा एक ब्लाउज मागवतात आणि त्याच्यावरून बाकीचे शिवतात. एका दुपारी ट्रंकेचं झाकण उघडलं, कोणीतरी मला उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि एसटीनं निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत ठेवलं. कोणाचा म्हणून उचललं, ते मला दिसलं नाही. मी घडीत होतो.

आर्णीत मला जोहराबीच्या पुढ्यात ठेवलं. तिचा नवरा मुख्तार पुढच्या मशीनवर गड्यांचे कपडे शिवायचा, आणि पडद्यामागे बायकांचं काम तिनं नुकतंच सुरू केलं होतं. तिनं मला फळीवर पालथा घातला, गळ्यातली टेप काढली आणि खांदा, पाठ, छाती, मुंढा असं सगळं मोजलं. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई. ब्लाउजाचं सगळं सुख-दुःख त्या गोलाईत असतं. माझ्यावरून लग्नाचे सगळे ब्लाउज शिवले गेले. जोहराबी कामाला इतकी प्रामाणिक की आतला खिसासुद्धा तिनं प्रत्येकाला लावला. मापात आहे म्हणजे नवरीला लागत असेल, असं ती समजली. आणि कोकिळा समजली, आर्णीत ब्लाउजाला खिसा लावायचीच पद्धत असेल. दोघींनीही एकमेकींना कधी विचारलं नाही. तो खिसा पस्तीसएक वर्षं रिकामा राहिला.

लग्नानंतर एकदाच, घरच्यांनी आपल्यासाठीच शिवून घेतला असेल असं समजून, कोकिळानं मला घालून पाहिलं. हुक नीट लागले. छातीवर, कमरेवर काही तक्रार नव्हती. मग केस बांधायला तिनं हात वर केले आणि माझा मुंढा तिच्या काखेत रुतला, पाठ वर सरकली. तिनं हात खाली घेतले. आरशात बघून ती स्वतःशीच म्हणाली, "खांदे कसे गड्यासारखे आहेत माह्ये." मग मला काढून घडी घातली. त्या दिवसापासून मला कोणी घातलं नाही. मी मापाचा झालो.

मापाच्या कपड्याचं आयुष्य विचित्र असतं. त्याला घालत नाहीत, पण टाकतही नाहीत. घरात नवी साडी आली की त्याची आठवण होते, मग पिशवी, मग जोहराबीची फळी, मग टेप, की पुन्हा कपाट. आमच्या कपाटातला प्रत्येक ब्लाउज माझ्यावरून बेतलेला. सगळी माझीच लेकरं म्हणायची, आणि सगळी काखेत काचणारी.

कोकिळा गणिताची शिक्षिका होती. तालुक्यातल्याच एका शाळेत शिकवायची. शाळेत काय होतं ते मला धुवून परत आलेल्या ब्लाउजांकडून कळायचं, म्हणजे त्यांच्या उसवलेल्या शिवणीवरून. तिला भूमिती फार आवडे. एखादी सिद्धता फळ्याच्या माथ्यापासून सुरू करावी आणि एकेक पायरी उतरत खाली यावी, म्हणजे मुलांना सगळी वाट एका नजरेत दिसते, असं ती घरी सांगायची. प्रत्यक्षात मात्र ती फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायची. हात वर गेला की बाही ओढायची, ब्लाउज वर चढायचा, पाठ उघडी पडेल या धास्तीनं डावा हात पदर सावरायला जायचा. त्यामुळे अर्ध्यात जागा संपे आणि पहिली पायरी पुसून शेवटची लिहावी लागे. मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघत. एकदा एका पोरानं विचारलं होतं, "मॅडम, वरचा फळा कोणाले भाड्यानं देल्ला काय?"

सगळा वर्ग हसला. कोकिळाही हसली. घरी येऊन तिनं ते नवऱ्याला सांगितलं आणि पुन्हा हसली. रोशनरावांचं बियाण्याचं दुकान होतं, माणूस साधा. तेही हसले. मग ती आत आली, कपाट उघडून उभी राहिली आणि बराच वेळ काही न काढताच उभी होती.

तिला वाटे दोष साडीचा आहे. ही साडी अंगावर बसत नाही, हा रंग मला शोभत नाही, हे कापड फुगतं. म्हणून ती दुसरी घेई. सेल लागला की घेई, यवतमाळला गेली की घेई, शाळेतल्या बायका घेत म्हणून घेई. त्यांत लग्नाकार्यातल्या आहेराच्या साड्यांची भर. दुकानात ती साडी खांद्यावर टाकून बघे तेव्हा ती तिला खरंच आवडे, मला तिच्या बोलण्यावरून कळे. मग साडी घरी येई, मी जोहराबीकडे जाई, ब्लाउज शिवून येई आणि साडी नावडती होई. किती साड्या अशा नावडत्या झाल्या, मी मोजायचं सोडून दिलं. मी काय करू शकत होतो? कपडा फार तर उसवू शकतो. आणि मी तर उसवायला अंगावरही नव्हतो.

खुशी, त्यांची लेक, यवतमाळला कॉलेजात शिकायची. एका दिवाळीला ती घरी आली तेव्हा आईनं एक बातमी सांगितली. जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांपुढे एक नमुना पाठ द्यायचा होता आणि त्यासाठी कोकिळाचं नाव सुचवलं होतं. पाठ चांगला झाला तर पुढे तिला इतर शिक्षकांना शिकवायला घेणार होते. तिनं हे इतक्या हळू सांगितलं की खुशीला दोनदा विचारावं लागलं.

"मंग तोंड काहून पाडलं?" खुशी म्हणाली.

"नेसू काय?"

रोशनराव बाहेरून म्हणाले, "घ्या. कपाटाचं दार लागत नाही आन् नेसाले काही नाही."

"बाबा, तुम्ही दुकान पाहा तुमचं," खुशी म्हणाली, आणि तिनं कपाट मोकळं करायला घेतलं. सगळ्या साड्या पलंगावर आल्या. पलंग भरला, मग खुर्ची भरली. मीही पलंगावर आलो, पायथ्याशी.

"आई, खरं सांग. ह्यातली तुले कोणती आवडते?"

"आवडाचं काय. नेसाले पाह्यजे."

"सांग न व."

कोकिळानं पुष्कळ वेळ बघितलं. "एकबी नाही," ती म्हणाली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्यासारखी चपापली.

"मंग घेतल्या कायले?"

"घेताना आवडते. घरी आली का आवडत नाही."

"घरी आल्यावर काय होते तिले?"

"काय मालूम बाप्पा."

घरी आल्यावर तिच्यावर ब्लाउज होतो, हे वाक्य त्या खोलीत कोणी तरी म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी म्हणालं नाही. खुशीनं मला चिमटीत उचललं. "हा फाटका कायले ठेवला? घालत त नाही तू."

"ठेव तो. मापाचा आहे."

मी पुन्हा पायथ्याशी. मापाचा आहे, या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं वाचत आलो होतो.

मायलेकींनी ठरवलं, आता कपाट नव्यानं लावायचं. आधी सगळं काढायचं, मग एकेक विचार करून घ्यायचं. काढायचं म्हटल्यावर कोकिळा अडखळली. "मले आवडली नाही ती दुसऱ्याच्या अंगावर कशी टाकू?" खुशी म्हणाली, "आई, साडीनं काय पाप केलं? तिचं अन् तुह्यं जमलं नाही, एवढंच." काही साड्या नातलगांत गेल्या, काही ज्यांनी मागितल्या त्यांच्याकडे, अगदी जुन्यांच्या गोधड्या झाल्या. कपाटाच्या कप्प्यांतून कागद दिसू लागले.

मग खरेदी. ती मला फार आवडली, जरी मी त्यातलं फक्त ऐकलंच. कोकिळा दुकानात जाऊन काही न घेता परत येऊ लागली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाहूनच पोट भरलं काय?" ती म्हणाली, "आज पाह्यलं. उद्या आठवली त येतो." आठवली तरच जायचं, असा तिनं स्वतःला नियम घातला होता. साडी दुकानाच्या दिव्याखाली न बघता ती दारात उन्हात घेऊन जायची. खडूची भुकटी हिच्यावर दिसेल का, साध्या मंगळवारी मी ही नेसेन का, का नुसतीच लग्नाला, असं स्वतःला विचारायची. आपल्याला कोणता रंग आवडतो हेसुद्धा तिला शोधावं लागलं. शेवटी तो पारवा निघाला. लहानपणी घराच्या आढ्यावर बसणाऱ्या पारव्यांच्या मानेचा, करडा आणि आत कुठेतरी जांभळा.

असं करत चार सुती साड्या झाल्या. पारवी साडी पाठासाठी. ती घरी आली त्या दिवशी कोकिळानं ती मांडीवर घेतली आणि रोशनरावांना म्हणाली, "ही मले उद्यापण आवडन." त्यांनी मान हलवली. त्यांना त्यातलं काय कळलं मला माहीत नाही. मला कळलं, आणि मी घाबरलो. कारण आता मला न्यायची वेळ आली होती.

जोहराबीच्या दुकानात नेहमीचा पहिला प्रश्न आला. "मापाचा आणला काय, मॅडम?"

कोकिळानं पिशवीतून मला काढलं. पण त्या दिवशी खुशी सोबत होती. ती म्हणाली, "चाची, या वेळी आईचं माप अंगावरून घ्या न."

"घेतो ना बेटा, त्यात काय." जोहराबीनं गळ्यातली टेप ओढली.

मी फळीवर होतो. इतक्या वर्षांत ही टेप फक्त माझ्या पाठीवरून फिरली होती, आणि आता ती माझ्या वरून, माझ्या पलीकडे, तिच्याकडे निघाली होती. कपडा जेवढा श्वास रोखू शकतो तेवढा मी रोखला.

कोकिळा एक पाऊल मागे सरली. पडद्याच्या पलीकडे मुख्तारची मशीन चालू होती, बाकावर दोन बायका बसल्या होत्या. "राहू द्या," ती म्हणाली. "हा आहे ना. लग्नापासून यावरच शिवून राह्यल्या तुम्ही."

"आई, काखेत काचते म्हणतं न तू?"

"ते माह्या खांद्यानं काचते. माह्ये खांदेच रुंद आहेत. त्याले जोहराबी काय करन?" मग आवाज खाली आणून, "मोजलं का आकडा समजते. नको."

जोहराबी हसली. "मॅडमचं माप मले झोपेतबी येते, बेटा. तू फिकर नको करू. काखेत एक शिलाई सोडून देतो, मोकळं होईन."

आणि टेप खाली आली. माझ्या खांद्यावर, माझ्या मुंढ्यावर. ती थंड होती. मला ओरडता आलं असतं तर मी म्हणालो असतो, बाई, एक शिलाई सोडून काही होत नाही, मुंढा कापण्यात असतो, शिलाईत नाही. पण मला तरी कुठे खात्री होती? मी माप होतो. सगळे माझ्यावरून ठरत होते. आपणच चुकीचे आहोत असं मापानं म्हणायचं म्हणजे कशाच्या आधारावर म्हणायचं? कदाचित तिचे खांदे खरंच रुंद असतील. मला ज्या पहिल्या अंगाची आठवण होती ते खोटं असेल. चार नवे ब्लाउज शिवले गेले, आतल्या खिशासकट. विचार करून घेतलेल्या चार साड्या, आणि त्यांवर विचार न केलेला मी.

नमुना पाठाला मी गेलो नाही. मापाचा ब्लाउज समारंभाला जात नसतो. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी कप्प्यात होतो. तिनं पारवी साडी सोडली, घडी न घालता खुर्चीवर टाकली. नवा ब्लाउज माझ्या शेजारी आला. त्याच्या उजव्या काखेतली शिवण गेली होती.

"कसा झाला?" रोशनरावांनी विचारलं.

"बरा झाला."

"मंग असं काहून?"

"फळा मोठा होता," ती म्हणाली. "आपल्या शाळेपेक्षा लय मोठा."

रात्री खुशीचा फोन आला. तिकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. इकडून कोकिळा म्हणाली, "लिहिलं व. वरपर्यंत लिहिलं." आणि फोन ठेवल्यावर पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मला फाटलेल्या शिवणीवरून कळत होतं की तिनं हात एकदाच वर नेला होता. शिवण गेल्यावर तो खाली आला, आणि मग सगळा पाठ खालच्या अर्ध्यात झाला. पहिली पायरी पुसून शेवटची. समोर मुलं नव्हती, शिक्षक होते. शिक्षक उभे राहून बघत नाहीत.

पुढे तिला कोणी बोलावलं नाही. एकदा पुन्हा विचारणा झाली होती, तिनंच नाही म्हणून कळवलं. "मले जमत नाही ते," असं ती घरी म्हणाली आणि कोणी वाद घातला नाही. त्या चार साड्याही हळूहळू खालच्या कप्प्यात गेल्या. ती पुन्हा सेलला जाऊ लागली नाही, एवढं मात्र खरं. कपाट अर्धं रिकामं राहिलं. फळ्यासारखं.

वर्षं गेली. खुशीचं लग्न होऊन ती दूर गेली. कोकिळा निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी मुलांनी तिला शालीबरोबर रंगीत खडूंचा डबा दिला. तिनं तो कपाटात आणून माझ्यापाशी ठेवला. तेव्हापासून माझ्या अंगाला खडूचा वास आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात फुलसावंगीहून तिची आई आली. मथुराबाई. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून लेकीनं आणून घेतली. म्हातारी अंगानं लहानखुरी, तोंडानं नव्हे. आल्या आल्या जावयाला म्हणाली, "रोशनराव, तुमी लय वाळले. ह्या पोरीनं जेवाले नाही देल्लं काय?"

एके सकाळी तिची आंघोळ झाली आणि लक्षात आलं की धुतलेले ब्लाउज सगळे ओले आहेत. थंडीत वाळले नव्हते. कोकिळानं कपाट उघडलं. स्वतःचे एकदोन काढून बघितले, परत ठेवले. मग तिच्या हाताला मी लागलो.

"आई, हा घाल तवरक. जुना आहे, पण धुतला आहे."

मथुराबाईचे डोळे नीट उघडत नव्हते. कोकिळानंच तिचे हात माझ्या बाह्यांत घातले. मी विरविरीत झालो होतो, जुनं कापड जसं होतं तसा. पहिला हुक लागला, दुसरा. बाजूंना मी जरा सैल झालो, म्हातारी वाळली होती. पण खांद्यावर मी बसलो. कुठे ओढलं नाही, ताणलं नाही. मला तो खळीचा वास आठवला, जो माझ्यात आता कुठेच नव्हता.

मथुराबाईनं अंदाजानं उजवा हात माझ्या डाव्या बाजूला आत घातला. चाचपावं लागलं नाही. दोन बोटं थेट खिशात गेली.

"हे त माह्यं पोलकं होय व," ती म्हणाली.

"तुह्यं कुठचं? माह्या मापाचं आहे ते. लग्नातलं."

"मंग हा खिसा कोनाचा? कोठीची किल्ली ठेवाले मीनंच लावून घेतलता हा, त्या कापसावाल्याच्या सुनेकडून."

कोकिळाचा हात हुकावरच थांबला. "आई, सासरच्यांनी माप मांगलं तवा तू कोणतं पाठवलं होतं?"

"हेच न. तुह्यापाशी होतं काय एखादं पोलकं? तू त कालेजात डिरेस घालून फिरे. त्यायचा माणूस बसला होता दारात, च्या पीत. म्हटलं देऊन टाकाव माह्यं. मायलेकीचं अंग काय येगळं रायते?"

खालचा हुक राहिला होता तो कोकिळानं लावला. मग पलंगावर आईच्या शेजारी बसली आणि आपल्या अंगातल्या ब्लाउजाच्या आतल्या खिशात बोट घालून बघितलं. तिला आधी हसू आलं. ते हसू बराच वेळ चाललं आणि मध्येच कुठेतरी त्याचा आवाज बदलला. मथुराबाई घाबरून विचारत राहिली, "काय झालं व? काय झालं? चुकलं काय माह्यं?"

"नाही," कोकिळा म्हणाली. "तुह्यं काय चुकलं. तुले त नीटच होते हे."

माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला आनंद झाला असता का? मला अजून ठरवता येत नाही. मी चुकीचा नव्हतो, हे कळलं. पण ते कळलं तेव्हा फळा पुसून झाला होता.

तुमच्याही कपाटात माझ्यासारखा कोणी असेल. घालत नाही पण टाकवत नाही, आणि ज्याच्यावरून बाकी सगळं बेतता असा. नवं घ्यायला निघाल, जुनं काढून टाकाल, रंग निवडाल, कापड उन्हात धरून बघाल, ते सगळं चांगलंच आहे. पण निघण्याआधी त्याला एकदा बाहेर काढा आणि विचारा, बाबा, तू कोणाचा? तो बोलणार नाही. आम्हाला बोलता येत नाही. तेव्हा अंगात घालून हात वर करून बघा.

मी आता मथुराबाईचा आहे. फुलसावंगीला परत जाईपर्यंत तिनं मला सोडलं नाही, आणि म्हणून शेवटचं जे सांगतो ते घडीच्या आतून ताडलेलं नाही, मी तिथे तिच्या अंगावर होतो. कोकिळा आईला हाताला धरून जोहराबीकडे गेली. पुढची मशीन आता मुख्तारचा मुलगा आसिम चालवत होता. पडद्यामागे जोहराबी जाड चष्मा लावून काजं करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मापाचा आणला काय, मॅडम?"

"आणला. तो पाहा, चालत आला." कोकिळानं आईकडे बोट दाखवलं.

जोहराबीनं चष्मा सावरून मथुराबाईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, मग खांद्याकडे. तिचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे गेला आणि तिथेच राहिला. "तौबा," ती हळूच म्हणाली. "एवढे साल."

"आज मले मोजा," कोकिळा म्हणाली. "आकडा मोठ्यानं सांगा."

बाकावर बायका होत्या. पडद्याच्या पलीकडे मशीन चालू होती. जोहराबी उठली, तिनं टेप आधी माझ्या खांद्यावर लावली, मग कोकिळाच्या. मग म्हणाली, "हात वर करा, मॅडम. मुंढ्याचा घ्यायचा."

कोकिळाचा उजवा हात वर गेला आणि सवयीनं अर्ध्यात थांबला.

"घे न वर," मथुराबाई म्हणाली. "कोन पाह्यते?"

हात वर गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेला. पहिली ओळ जिथे लिहायची असते, तिथे तिची बोटं खडू धरल्यासारखी जुळली. जोहराबीचं माप घेऊन झालं, तरी तो हात लगेच खाली आला नाही.

जोहराबीनं पुन्हा एकदा मोजून खात्री केली आणि मोठ्यानं सांगितलं: आईचा खांदा चौदा, लेकीचा पंधरा.